यावर नोंदणी क्रमांक कुठाय?

ग्रामसभेचं खातं बँकेनं ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात गोठवलं, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमचं गाव सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगराकडे. २००६ च्या कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळाला, समिती बसली, हिशेब माझ्याकडे आला. पत्त्याचा लिलाव ग्रामसभेनंच केला आणि ठेकेदारानं पहिला हप्ता खात्यात भरला. फळीवर, म्हणजे पत्ता गोळा होतो तिथे, बायका सत्तर-सत्तर पानांचे पुडे रचत होत्या, संध्याकाळी मजुरी विचारत होत्या. पैसे खात्यात होते, पण निघत नव्हते. केवायसी अपुरी!

"संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणा," बँकेतले साहेब म्हणाले.

"साहेब, संस्था नाही, ग्रामसभा आहे."

"मग ट्रस्ट? सोसायटी? बचत गट?"

त्यांच्या संगणकातल्या यादीत ग्रामसभा नव्हतीच. मी वनहक्काचं अधिकारपत्र पुढे केलं. खाली जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, प्रकल्प अधिकारी, तिघांच्या सह्या. त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, "यावर नोंदणी क्रमांक कुठाय?" माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. पण गावाच्या जंगलावर जिल्हाधिकाऱ्याची सही चालते आणि गावाच्या पैशावर चालत नाही, हे मी फळीवर जाऊन कोणत्या तोंडानं सांगायचं? मेंढा-लेखाच्या बांबूला वाहतूक परवाना मिळावा म्हणून २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. आमच्या पासबुकासाठी कोण येणार होतं?

गंमत म्हणजे पॅन, टॅन, जीएसटी सगळं आमच्याकडून आधीच काढून घेतलेलं. ठेकेदाराकडून कर गोळा करून सरकारजमा करायला ग्रामसभा चालते!

शेवटी वकिलाचं पत्र, नवा ठराव, पुन्हा सगळ्यांचे फोटो. खातं सुटलं, पण मजुरी उशिरा झाली ती झालीच. नव्यानं हिशेब धरणाऱ्यांना सांगतो, कागदपत्रं फेब्रुवारीतच तपासून घ्या. मे महिन्यात कोणी ऐकत नाही.

त्यानंतर गावात सूर निघाला की पैसे रोखीतच ठेवा. सगळ्यात जास्त विरोध मीच केला. वणवा रोखायला जाळरेषा काढणाऱ्या पोरांना व्हाउचरवर सही केल्याशिवाय मी दमडी देत नाही. एक काकाजी चिडून म्हणाले, "तू तर बँकेवाल्यापेक्षा वरचढ निघाला." म्हणू देत. पत्त्याच्या पैशातून जंगलाचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग बोनस वाटायचा, या मुद्द्यावर यंदाही सभा रात्रीपर्यंत चालली. बोनसवाले जास्त होते. ठराव पुढच्या सभेवर गेला.