सम्टरचा जलदुर्ग आणि न विझलेली दारू

अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराच्या धक्क्यावरून निघालेली बोट सुमारे अर्ध्या तासात बंदराच्या मुखाशी असलेल्या सम्टरच्या जलदुर्गाला लागते. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचार वाजता समोरच्या जॉन्सन किल्ल्यावरून उखळी तोफेने डागलेला गोळा या दुर्गावर आकाशात फुटला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाला तोंड लागले. सुमारे ५० फूट उंचीच्या या पंचकोनी दुर्गाचे वरचे मजले १८६३ पासून मॉरिस बेटावरून झालेल्या भडिमारात ढासळले. उरलेल्या भिंतीत, विटांच्या चुऱ्यात रुतलेले लांबट पॅरट गोळे, म्हणजे आतून आटे पाडलेल्या तोफेचे गोळे, गंजून तांबूस झालेल्या बुडांसह आजही दिसतात.

त्या काळच्या तोफगोळ्यांचे मुख्य प्रकार चार होते. भरीव गोळा केवळ आघाताने तट फोडी, तर डब्यात भरलेले छर्रे तोफेच्या तोंडातून बाहेर पडताच पसरून जवळच्या पायदळावर बरसत. या दोहोंच्या आत दारू नसे. जुन्या मराठीत ज्याला कुलपी गोळा म्हणत, तो मात्र पोकळ असून त्यात दारू भरलेली असे, आणि चौथ्या प्रकारात दारूच्या जोडीला शिशाच्या गोळ्याही असत. आतली दारू पेटवणारी बत्ती वाटेतच विझली, तर असा गोळा न फुटता वाळूत गडप होई.

खरा धोका येथेच आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या या दारूतील सोरा पाण्यात विरघळतो हे खरे, परंतु बुचाने घट्ट बंद झालेल्या लोखंडी पोकळीत ती दीडशे वर्षेही कोरडी राहू शकते, आणि ज्वलनाला लागणारा प्राणवायू सोराच पुरवीत असल्याने आत पडलेली एक ठिणगी तिला पुरते. ऑक्टोबर २०१६ मधील मॅथ्यू वादळानंतर चार्ल्स्टनजवळच्या फॉली बीचवर १६ गोळे उघडे पडले, तेव्हा वायुदलाच्या स्फोटकतज्ज्ञांना पाचारण करावे लागले. त्याआधी फेब्रुवारी २००८ मध्ये व्हर्जिनियात असाच एक आरमारी गोळा साफ करताना फुटून एका जाणकार संग्राहकाचा मृत्यू झाला होता.

१८१८ मध्ये रायगडावरही इंग्रजांनी उखळी तोफांतून कुलपी गोळे डागले होते. म्हणून सह्याद्रीतल्या गडांवर फिरणाऱ्यांनीही गंजलेला गोळा सापडल्यास तो भरीव की पोकळ हे अजमावण्याच्या फंदात न पडता, त्याला न उचलता व न खरवडता, पोलिसांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.