तळणीचे तेल आणि घरची मोटार

संस्कृतात तेलास 'स्नेह' म्हणतात आणि मायेसही 'स्नेह'च म्हणतात. वर्गात हा शब्द आला की त्याचे दोन्ही अर्थ आम्ही मुलांस मोठ्या हौसेने समजावून देत असू. त्या शब्दाचा खरा धडा मात्र आम्हांस निवृत्तीनंतर, पालघरच्या आमच्याच ओटीवर मिळाला. तो येथे वाचकांपुढे ठेवितो.

आमचा पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. घरच्या डिझेल मोटारीने तो रोज बोईसरास जात येत असे. महिनाअखेर जमाखर्च मांडावयास बसलो, की किराण्याच्या खालोखाल आकडा डिझेलचा निघे. त्यातच दिवाळी झाली. चकल्या, शेव, करंज्या, चिरोटे तळून कढईत दोन-अडीच लिटर तेल उरले. पुन्हा तळणास घ्यावे तर प्रकृतीस वाईट, मोरीत ओतावे तर मोरी तुंबते. घरातील स्त्रिया या विवंचनेत असता पुतण्या म्हणाला, "काका, या तेलावर आपली मोटार चालेल."

आम्ही हसलो, परंतु त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलच्या तत्त्वावरील एक लहान यंत्र शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. आपल्या कोकणातही उंडीचे आणि करंजाचे तेल दिव्यांत जळतच असे. मग मोटारीने काय पाप केले?

अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची. खाद्यतेल डिझेलहून सुमारे दसपट दाट असते. ते तसेच ओतले तर आधुनिक यंत्राच्या बारीक छिद्रांतून त्याचा नीट फवारा होत नाही आणि काजळी साचते. तेलाच्या प्रत्येक कणात तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनच्या आधाराने एकत्र कुटुंबाप्रमाणे नांदत असतात. कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने त्यांत मेथॅनॉल मिसळून कोमट आचेवर घुसळले, की तिघे भाऊ वेगळे होतात आणि प्रत्येक जण मेथॅनॉलशी संसार थाटतो. हे झाले पातळ जैविक डिझेल. जड ग्लिसरीन खाली बसते. लिटरभर तेलास पाव लिटरहून थोडे कमी मेथॅनॉल पुरते.

परसात पहिला प्रयोग झाला. तेल जुने, त्यात पाण्याचा अंश; सोड्याचे प्रमाण ठरविण्यापूर्वी तेलाची आम्लता तपासावयाची, ती तपासली नाही. सकाळी पाहतो तो बरणीत दह्यासारखा साबण! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मोटार राहू द्या, निदान भांडी तरी घासून होतील." दुसऱ्या खेपेस पुतण्याने तेल तापवून पाणी उडविले, आम्लता मोजली, आणि खरोखरच वर मधाच्या रंगाचा पातळ थर आला. आमचा आनंद गगनात मावेना. आता फरसाणवाल्यांकडून तेल आणून वीस लिटरांचा घाणा घालावयाचे ठरले. पुतण्याने मेथॅनॉलचा डबा आणला आणि त्यांतील थोडे मापासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेविले.

परसात मांजरे हुंदडतात, बाटली लवंडेल, म्हणून आम्हीच ती उचलून ओटीवर, पाण्याच्या तांब्याशेजारी आणून ठेविली. दुपारी सात वर्षांचा नातू खेळून घामाघूम होऊन आला. त्याने बाटली उचलली, झाकण काढले. वहिनी तेथेच गहू निवडीत बसल्या होत्या. त्यांस वास आला, आणि सूप टाकून त्यांनी बाटली त्याच्या ओठांपासून ओढून घेतली. त्याने एक थेंबही घेतला नव्हता. पोर रडू लागले, कारण आजीने हातावर फटका मारला होता. आमचे मात्र पाय लटपटले.

मेथॅनॉल पाण्यासारखे निर्मळ दिसते. पोटात गेल्यावर शरीरच त्याचे फॉर्मिक आम्ल बनविते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, इतक्यानेही दृष्टी गेल्याची नोंद वैद्यकात आहे. मुंबईत मालाडच्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसे दारूतील याच विषाने दगावली. हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचिले होते. तरी बाटली तांब्याशेजारी ठेवणारे हात आमचेच होते. डबा त्याच संध्याकाळी परत गेला.

मग शांतपणे त्रैराशिक मांडिले. वस्तुतः ते आधी मांडावयाचे. जाऊन येऊन रोज तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, लिटरास पंधरा किलोमीटर. म्हणजे महिन्यास पन्नास लिटर डिझेल. सणवार सोडल्यास आमच्या घरी महिन्यास तळणीचे तेल उरते फार तर एक लिटर. तेवढ्यावर मोटार बोईसरास पोहोचेल, परत यावयाची नाही! उरलेल्या तेलासाठी दारोदार हिंडावयाचे आणि दहा लिटर विष घरात बाळगावयाचे, हा त्या बचतीचा भाव.

विद्या खोटी नव्हे, जागा चुकली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली वापरलेले तेल गोळा करून त्याचे इंधन करण्याची योजना काढिली. दिवसास पन्नास लिटरांहून अधिक तेल तळणास वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संग्राहकांकडेच द्यावयाचे असते. यात मोठे हित असे, की वारंवार तापलेले ते तेल फिरून गोरगरिबांच्या कढईत जात नाही. असे काम कारखान्यात, जाणत्यांच्या हातून व्हावे.

पुतण्या आता लोकलने जातो. पालघर आणि बोईसर यांमध्ये उमरोळी हे एकच स्थानक. पासाचा खर्च डिझेलच्या मानाने काहीच नाही. आणि घरात तळणच कमी केल्याने कढईत उरणारे तेलही घटले. खरी काटकसर इतकी जवळ होती, आणि आम्ही ती बरण्यांत शोधीत होतो.

दुसऱ्या प्रयोगातील मधाच्या रंगाची ती बाटली मात्र पुतण्याने कारखान्यातील मित्रांस दाखविण्यास नेली. नातू अजून विचारतो, "आजोबा, त्या दिवशी आजीने मला का मारले?" आम्ही त्यास सांगतो, "बाळा, त्यास स्नेह म्हणतात." थोरला झाला म्हणजे दोन्ही अर्थ सांगू.