आधी गेट, मग खोली
(ताडोबा-नागपूर प्रवासाची दैनंदिनी : हप्ता पहिला)

शुक्रवार, पुणे

सफारीची तिकिटं मोहर्ली गेटची मिळाली आणि राहायचं कुठे हा प्रश्न निम्मा सुटला. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी गेटं आहेत. ज्या गेटचं तिकीट, त्याच गेटनं आत जायचं. नकाशावर कोलारा आणि मोहर्ली जवळ वाटतात, पण मधे जंगल आहे. बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दोन-एक तास सहज मोडतात. बरेच जण आधी छानसं रिसॉर्ट ठरवतात आणि मग तिकिटाच्या मागे लागतात. पहाटे चारला झोपेतल्या मुलांना उचलून गाडीत टाकायचं नसेल, तर आधी गेट आणि मग खोली हाच क्रम धरायला हवा.

आम्ही सहा जण. सासूबाई, वन्सं, आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. एका जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, त्यामुळे एक जिप्सी पुरेल. खोल्यांचं गणित मात्र इतकं सरळ नव्हतं. मोहर्लीत एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, वनविकास महामंडळाचं संकुल आहे, खाजगी रिसॉर्टं आहेत आणि गावातल्या लोकांनी घरातच केलेल्या खोल्याही आहेत. एका रिसॉर्टचे फोटो पाहून मुलं हरखली होती. निळाशार तलाव, त्यावर झोके. विचारलं तर ते गेटपासून बरंच लांब निघालं आणि दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळतील याची खात्री कोणी देईना. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री त्यांना दोनदा उठावं लागतं. त्यांच्या भिंतीपलीकडे आमच्यापैकी कोणीतरी हवंच.

शेवटी गावातल्या घरी फोन लावला. संडास खोलीला लागून आहे का? कमोड आहे का? वीज गेली तर पंखा चालतो का? पलीकडच्या बाईंनी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि शेवटी त्यांनीच विचारलं, “आजीले पायऱ्या जमतात का जी?” त्या प्रश्नावर मी खोल्या पक्क्या केल्या.

शनिवार, मोहर्ली

रात्रीची गाडी, सकाळी नागपूर, तिथून भाड्याची गाडी. जाम, वरोरा, भद्रावती मागे पडत गेली. एप्रिल संपत आलाय, अकरा वाजताच डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसू लागलं. हे अंतर उन्हात कापायचं तर पाण्याच्या बाटल्यांना ओला पंचा गुंडाळावा, पाणी प्यायच्या लायकीचं राहतं.

घर गेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन खोल्या, मधे एक दार, पुढे पडवी. पडवीच्या कडेला ताडपत्रीवर मोहाची फुलं वाळत घातली होती. ताजी असतात तेव्हा ती फिकट पिवळी, टपोरी, रसानं भरलेली असतात. दोन दिवसांच्या उन्हानं तांबूस होऊन सुरकुततात. लेकीनं एक तोंडात टाकलं. गोड, आणि मागून किंचित उग्र. घरच्या म्हाताऱ्या आजी पहाटे फुलं वेचायला जायच्या, आता मुलगा एकटीला जाऊ देत नाही. फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि या दिवसांत इकडे वाघाचे हल्ले होतात ते बहुतेक अशाच वेळी. आपल्यासाठी जंगल ही सहल आहे, या घराचं त्यावर पोट आहे. मुलांनी हे घरातल्यांच्या तोंडून ऐकावं, एवढ्यासाठी तरी गावात राहावं असं मला मनापासून वाटतं.

खोलीला लागून संडास हवा हा आग्रह का धरावा, तेही इथे कळलं. “दिवेलागणीनंतर अंगण ओलांडायचं नाही जी,” फोनवर बोललेल्या त्या ताईंनी आल्या आल्या सांगितलं. गावात बिबट्या येतो, कधी वाघही. अशा गावात रात्री अंगणापलीकडे जावं लागणारी खोली म्हातारी माणसं आणि मुलं असलेल्या कुटुंबानं घेऊच नये, मग ती कितीही स्वस्त असो.

रविवार

सकाळ मुद्दाम मोकळी ठेवली होती. दुपारची सफारी उन्हातच सुरू होते. गेटवर मूळ ओळखपत्रं तपासतात आणि गाभा क्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत. आमचे सगळे फोन ताईंनी त्यांच्या कपाटात ठेवले.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं 1955 साली, राज्यातलं पहिलं. पुढे 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. नाव पडलं ते तारू या गोंडांच्या देवावरून. तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, असं सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. रस्त्याच्या कडेनं जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळात त्यांच्यावरून दोर ओढून घंटांनी निरोप पोचवत, असं गाईडनं सांगितलं. मुलगा त्यानंतर प्रत्येक खांब मोजत होता.

तेलिया तळ्याशी वाघीण दिसली. ती पाण्याकडे पाठ करून आली, मागचे पाय आधी पाण्यात घातले, मग हळूहळू बसली, मानेपर्यंत. डोळे आमच्याकडे. वाघ पाण्यात असाच उलटा शिरतो, तोंडावर पाणी घेत नाही. जिप्सीत कोणी श्वासही मोठ्यानं घेतला नाही. सासूबाईंनी नुसते हात जोडले.

परतताना अंधार झाला होता आणि मुलगा बापाच्या मांडीवर झोपला होता. पाच मिनिटांत आम्ही घरी होतो. आंब्याचं पन्हं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. आठला सगळे आडवे.

सोमवार

उन्हाळ्यात सकाळचं गेट साडेपाचच्या सुमारास उघडतं. आम्ही पाऊण तास आधी उठलो, तरी वेळेत पोचलो. ताईंनी पोह्यांचा डबा दिला होता. वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांची टोळी दिसली, गवे दिसले आणि पानगळ झालेल्या सागांमधे कडईचं एक पांढरंफटक झाड.

दुपारी कोणीच कुठे गेलं नाही. वीज दोनदा गेली, पंखा चालू राहिला.

मंगळवार, नागपूर

मंगळवारी ताडोबा बंद असतो, म्हणून मुक्काम हलवायला हाच दिवस धरला. उजाडताच निघालो आणि उन्हं चढायच्या आत शहरात पोचलो.

शहरातल्या राहण्याचा विचार वेगळा करावा लागतो. जंगलात खोली झोपण्यापुरती पुरते; एप्रिलच्या नागपुरात अकरा ते पाच घरातच काढायचे असतात, तेव्हा घर घरासारखं हवं. स्टेशनजवळची हॉटेलं सोडून आम्ही धरमपेठेत स्वयंपाकघरासकट दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मेट्रो जवळ, सीताबर्डी काही स्थानकांवर, फुटाळा तलाव संध्याकाळी जाण्याजोगा. वन्संनी आल्या आल्या मुगाची खिचडी टाकली. तीन दिवस बाहेरचं जेवून सासूबाईंना तेच हवं होतं.

एक गोष्ट इथे येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. फ्लॅट वरच्या मजल्यावर घेऊ नये. गच्चीचा तवा रात्री उशिरापर्यंत निवत नाही. आणि कूलर असेल तर तो खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवलेला आहे ना, हे विचारावं. वाळ्याच्या ताट्यांतून बाहेरची कोरडी हवा गार होऊन आत येते, तिला बाहेर पडायला समोरची खिडकी किलकिली लागते. सगळं बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली दमट होते. घरमालकांनी हे आम्हाला स्वतः करून दाखवलं, टाकी कधी भरायची तेही सांगितलं. भिजलेल्या वाळ्याचा वास घरभर झाला आणि मुलं दुपारी न सांगता झोपली.

बुधवार

सकाळी तर्री-पोहे. मुलांना तर्री झेपली नाही, लेकीनं दह्यात कालवून संपवले. मग दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सकाळी लवकर गेलं की स्तूपाची फरशी अनवाणी पायांना सोसते. लेकीनं खूप प्रश्न विचारले, वन्सं तिच्याजवळ बसून एकेकाचं उत्तर देत राहिल्या.

नंतर अजब बंगला, म्हणजे 1863 पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय. जाड भिंती, उंच छत. बारापर्यंत तिथे सुखात काढता आले आणि परत घरी.

संध्याकाळी फ्लॅटची मुदत एका दिवसानं वाढवून घेतली. सासूबाईंना रामटेक बघायचंय. गड चढून जायला पायऱ्या आहेत, पण गाडीही बरीच वर जाते असं घरमालक म्हणतात. पहाटे पाचला निघायचं ठरलंय; तिथलं पुढच्या हप्त्यात.