खेळ खोटा, अश्रू खरे

आबा गेले तेव्हा तो रडला नाही.

पहाटे सांगलीहून फोन आला आणि बंगळूरुच्या राजाजीनगरातले ते छोटेसे कुटुंब गाडी करून निघाले. तुमकूर, हुबळी, बेळगाव मागे पडत गेले. चौदा वर्षांचा मुलगा दिवसभर खिडकीला डोके टेकून बसून होता. घरी पोहोचताच आजीने त्याला पोटाशी धरले. "रड रे बाळा, मोकळा हो," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण त्याचे डोळे कोरडेच. स्मशानात कोणीतरी त्याला म्हणाले, "तू लहान आहेस, मागे थांब." तो मागे थांबला. दहाव्याला त्याने आईला हळूच विचारले, "आपण परत कधी जायचं?"

जमलेल्या बायकांत कुजबुज झालीच. "आजकालची मुलं ही अशीच. त्या मोबाइलनं आणि गेमनं दगड केलंय त्यांना."

हे शब्द आईच्या कानावर पडले आणि काळजात रुतले. कारण हा नातू म्हणजे आबांचा जीव की प्राण. दर मे महिन्यात तो सांगलीला जायचा. आबा त्याला सकाळी कृष्णेच्या घाटावर न्यायचे, पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे आणि पाण्यात सोडायचे. त्याआधी, अगदी लहान असताना, तो त्यांच्या गळ्याला मिठी मारून पाठीवर बसायचा आणि आबा तसेच पोहत थोडे आत जाऊन परत यायचे. घरी आल्यावर दोघेही ओल्या केसांनी पोह्यांवर तुटून पडत. असा नातू आजोबांच्या जाण्याने हलला नाही, हे तिला खरेच वाटेना.

बंगळूरुला परतल्यावर आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मुलाने पोहण्याचा क्लास सोडला. विचारले तर म्हणाला, "कंटाळा आला." रविवारी आजीचा फोन आला की तो "नंतर बोलतो" म्हणून खोलीत निघून जाई. एकदा आजीने विचारलेही, "माझ्याशी बोलायला नको वाटतं का गं त्याला?" काय उत्तर द्यावे ते तिला सुचले नाही. अभ्यास फार असतो, असे काहीतरी सांगून तिने वेळ मारून नेली.

एका वाक्याचा घाव

अशातच चार महिने गेले. एका शनिवारी रात्री बाहेर पाऊस कोसळत होता. ताटे वाढली, दोन हाका मारल्या, तरी मुलगा उठेना. ती चिडून खोलीत गेली, तर तो टीव्हीसमोर जमिनीवर बसून हुंदके देत होता. हातात गेमचे रिमोट तसेच धरलेले, शर्टाची बाही ओली झालेली. तिच्या पोटात धस्स झाले. शाळेत काही झाले की काय?

"काय झालं रे?"

"मोठा भाऊ मेला," तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला.

पडद्यावर एक लहान मुलगा मातीच्या ढिगाजवळ उभा होता. ते पाहून तिला इतका संताप आला की तोंडून शब्द निघून गेले. "आबांसाठी एक थेंब आला नाही तुझ्या डोळ्यांतून, आणि या खोट्या चित्रासाठी रडतोयस?"

त्याने रिमोट खाली ठेवले. काही न बोलता तो आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली. कडीचा आवाज होण्याआधीच तिला कळून चुकले होते की आपण बोलायला नको ते बोललो. पण सुटलेला शब्द परत कसा घेणार? त्या रात्री ताटे तशीच झाकून ठेवली गेली. टीव्ही बंद करायला गेली तर पडद्यावरचा तो मुलगा अजून तसाच उभा होता. कोणीतरी आपल्याला पुढे नेईल याची वाट पाहत.

डावा अंगठा, उजवा अंगठा

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर जेवायला आला. तो बंगळूरुच्याच एका गेम कंपनीत चित्रकार आहे. सांगलीचे नातेवाईक त्याला अजून विचारतात, "गेम खेळायचे पगार देतात का रे तुला?" तोही हसून "हो" म्हणतो. खरे म्हणजे या शहरात हा धंदा आता जुना झाला आहे. राजेश राव यांनी 1997 साली इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी काढली, तेव्हा गेम तयार करणे हा व्यवसाय असू शकतो हेच आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. आज परदेशांतल्या मोठमोठ्या खेळांची कामे बंगळूरुत बसून केली जातात.

तिने दिराला रात्रीची हकिकत सांगितली. सांगता सांगता तिचा गळा दाटून आला.

"कोणता गेम होता वहिनी? दोन भावांचा?"

"हो. त्यात एक भाऊ मेला म्हणे."

दीर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पाच मिनिटं माझ्यासमोर बसा."

त्याने तिच्या हातात रिमोट दिले. त्यावर दोन दांड्या होत्या, एक डाव्या अंगठ्याखाली, एक उजव्या. त्या गेमचे नाव 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स'. स्वीडनच्या स्टारब्रीझ या कंपनीने तो 2013 साली आणला. योगायोग असा की, याच कंपनीने पुढे 2017 मध्ये बंगळूरुची ध्रुव विकत घेतली आणि दोन वर्षांनी ती रॉकस्टार या कंपनीच्या हाती गेली. गेमचा दिग्दर्शक योसेफ फारेस हा मूळचा चित्रपट दिग्दर्शक. गोष्ट अगदी साधी आहे. आई समुद्रात बुडून गेलेली, बाप आजारी. त्याच्यासाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला दोन भाऊ निघतात. पात्रे जी भाषा बोलतात ती जगात कुठेच नाही, तरी सगळे समजते.

"डावा अंगठा म्हणजे मोठा भाऊ, उजवा म्हणजे धाकटा," दीर सांगू लागला. "दोघांना एकाच वेळी चालवायचं. सुरुवातीला जमत नाही, दोघं भलतीकडेच जातात. तासाभरानं हात सरावतात. धाकट्याला पाण्याची भीती वाटते, आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली ना. नदी आली की तो मोठ्या भावाच्या पाठीला चिकटतो आणि मोठा त्याला पोहत पलीकडे नेतो."

ती एकदम ताठ बसली. "पाठीवर?"

"हो, वहिनी. पाठीवर."

पुढे मोठा भाऊ मरतो. आणि त्याला पुरण्याचे काम खेळणाऱ्यालाच करावे लागते. बटण दाबून धरून भावाला ओढत न्यायचे, मग माती लोटायची. डाव्या अंगठ्याखालची दांडी आता कितीही हलवली तरी काही होत नाही. इतका वेळ ज्या हातात एक माणूस होता, तो हात रिकामा होतो.

"सिनेमात आपण दुसऱ्याचं दुःख बघतो," दीर म्हणाला. "इथं ते आपल्याच हातून घडतं. म्हणून जास्त लागतं."

हातांनी भोगलेले दुःख

जेवताना तो बरेच काही सांगत राहिला. 1997 साली 'फायनल फँटसी सेव्हन' या जपानी खेळात एरिथ नावाची मुलगी मध्येच मारली गेली, तेव्हा जगभरची मुले तिला जिवंत करण्याची युक्ती शोधत राहिली. तशी युक्ती नव्हतीच. रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याचा जोएल हा मुलगा 2014 मध्ये कर्करोगाने गेला. त्याच्या आजारपणावर त्यांनी खेळ बनवला, 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. तो 2016 साली आला. त्यातल्या एका प्रसंगात रुग्णालयात मूल रडत असते आणि बाप जे जे करून पाहतो त्याने ते शांत होत नाही.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' हा 2018 चा खेळ घडवणाऱ्यांत बंगळूरुच्या रॉकस्टार इंडियातले लोकही होते. एक दांडगा गुंड कर्ज वसूल करताना एका आजारी गरिबाला मारतो, त्याच्याकडूनच त्याला क्षय जडतो आणि मरताना तो हळूहळू माणूस होत जातो. "पण तो गेम अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही हं," दिराने लगेच बजावले. "त्यावर तसं छापलेलं असतं, ते आईबापांनी वाचायला हवं."

तिला सर्वांत लागली ती 2023 च्या 'वेन्बा'ची गोष्ट. टोरांटोच्या एका लहान कंपनीचा हा खेळ, कॅनडात जाऊन राहिलेल्या एका तमिळ कुटुंबाचा. आईच्या पाककृतींची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि खेळणाऱ्याने अंदाज बांधत इडली करायची. मुलगा मोठा होतो तशी त्याला आईची भाषा आणि डबा दोन्हींची लाज वाटू लागते. पुढे तोच मुलगा आईची वही उघडून बसतो, तेव्हा त्याला तमिळ अक्षरे धड वाचता येत नाहीत. तिला आठवले, आजीने वाढदिवसाला पाठवलेले पत्र आपल्या मुलाने अर्धे वाचून तिच्याकडे दिले होते. "आई, पुढचं तू वाच."

"वहिनी, खरं सांगू?" ताटावरून उठताना दीर म्हणाला. "आबांच्या वेळी मीही रडलो नव्हतो. पाहुणे, सामान, गुरुजी, यातच दिवस गेले. महिन्याभरानं एका गेमसाठी म्हाताऱ्या माणसाचे हात काढत होतो. नखं काढताना लक्षात आलं, ही आबांची नखं आहेत. ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडलो."

नदी

दुपारी तिने मुलाच्या दारावर टकटक केली. "मी काल चुकले," ती म्हणाली. आईने मुलाची माफी मागायची, हे तिच्या माहेरी-सासरी कुठेच झाले नव्हते. "तो खेळ पुढे काय होतो, मला दाखवशील?"

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

तो तिच्या शेजारी बसला. पडद्यावर धाकटा भाऊ पाणी घेऊन एकटाच गावाकडे परतत होता. वादळ सुटले होते. समोर नदी आली. मुलाने उजव्या हाताने त्याला पुढे ढकलले, तो काठाशी घाबरून थांबला. पुन्हा ढकलले, पुन्हा तो थांबला.

"आता?" तिने विचारले.

मुलाने क्षणभर विचार केला. मग डाव्या हाताचे, मोठ्या भावाचे बटण दाबले. आणि जो कधी पाण्यात उतरला नव्हता, तो धाकटा हात मारत पलीकडे निघाला.

दोघेही बोलले नाहीत. तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा मुलगा पडद्याकडेच पाहत म्हणाला, "तिथं मला कुणी काही करूच दिलं नाही. सगळे म्हणत होते, मागे थांब. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, मी रडतो का ते." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "इथं माती मलाच लोटावी लागली."

तिने त्याला जवळ घेतले. चार महिन्यांचे साठलेले सगळे तेव्हा बाहेर आले. क्लास का सोडला तेही कळले. तलावात उडी मारली की पाठीवर डबा नाही हे त्याला आठवे आणि छातीत काहीतरी अडके. आजीशी बोलायचे तर मागून आबांचा खाकरण्याचा आवाज येणार नाही, म्हणून तो फोनच टाळत होता. ज्याला ती दगड समजत होती, तो आतल्या आत एवढा भरून आला होता.

त्या दिवसापासून घरात गेमला मोकळीक मिळाली असे नाही. शाळेच्या दिवशी बंद आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास, हा नियम कायम आहे. पण आता कधी कधी ती शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "हा कोण? याचं काय झालं?" तिला आता माहीत आहे की मुलाचे मन कोणत्या वाटेने बोलेल हे आईने ठरवायचे नसते. ते बोलू लागले की तिथे असणे एवढेच तिच्या हाती असते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे सांगलीचा फोन आला. तिने सवयीने सांगायला सुरुवात केली, "तो जरा अभ्यासाला..." तोच मुलाने तिच्या हातातून फोन घेतला.

"आजी," तो म्हणाला आणि थोडा वेळ नुसताच थांबला. पलीकडे आजीही थांबली.

"आजी, तो डबा आहे का गं अजून?"

"आहे की," आजी म्हणाली. "माळ्यावर आहे. आबांनी पुसून ठेवलाय. मे महिन्यात येतोस ना?"