हळू आवाजातील गाणे

करमाडच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी जुगलकिशोर मुख्तारांची ‘मेरी भावना’ म्हटली जाई. माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ चाले, भीमसेनांचे अभंगही. चित्रपटगीतांना मात्र मज्जाव होता. १९७६ साली ‘चितचोर’ आला आणि येसुदासांच्या स्वराने मला वेड लावले. रेडिओ अगदी हळू लावून, कान टेकवून मी ऐकत असे. एकदा वडिलांनी पकडले. ‘संगीत कोणाचे?’ त्यांनी दरडावून विचारले.

‘रवींद्र जैन यांचे. ते जन्मांध आहेत.’

वडील काही न बोलता निघून गेले. (आडनावाने मी वाचलो, असे तेव्हा वाटले.)

अखेरच्या आजारपणात त्यांना ऐकू कमी येई. ‘मेरी भावना’ झाली की म्हणत, ‘आता तुझ्या त्या जैनांचे लाव. आवाज मोठा कर.’