चार ओळींचा अर्ज

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या लातुराहून नांदेडास घरीं आला, तेव्हां त्याचा चेहरा उतरलेला दिसला. परीक्षेंतील गुणांच्या 'लातूर पॅटर्न'नें जें गांव साऱ्या राज्यांत गाजलें, तेथेंच तो शिकला व तेथेंच एका खासगी कचेरींत लागला. वहिनींना दवाखान्यांत न्यावयाचें होतें, म्हणून त्यानें साहेबांना मोबाइलवर "उद्यां येत नाहीं" एवढे तीनच शब्द धाडले. कारण काय, काम कोणाकडे सोंपविलें, परत केव्हां येणार, कांहीं नाहीं! त्या दिवशीं एक मोठें गिऱ्हाईक परत गेलें आणि त्याची नोकरी कायम होण्याचें लांबणीवर पडलें.

"काका, गणितांत पैकीच्या पैकी गुण घेतले, पण पत्र कसें लिहावें हें कुणी शिकवलेंच नाहीं," तो म्हणाला.

त्यास चार शब्द सुनवावे असें मनांत आलें; पण जीभ रेटेना. कारण याच्या अगदीं उलट चूक आमच्या हातून घडली होती. आत्याबाईंचे यजमान वारल्यावर त्यांच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज आम्हीं लिहिला. भाषेचा आम्हांस मोठा अभिमान! त्यांच्या वार्धक्याचें व दुःखाचें वर्णन करण्यांत दोन पानें भरलीं. मात्र यजमानांच्या निवृत्तिवेतनाचा क्रमांक लिहावयाचा राहिला, आणि मागणी शेवटच्या परिच्छेदांत दडून बसली. सात महिने अर्ज पडून होता. आत्याबाईंनीं तोंडांतून अवाक्षर काढलें नाहीं. पेटींतल्या दोन पाटल्या मोडल्या, हें आम्हांस मागाहून कळलें. पुढें एका निवृत्त कारकुनांनीं तोच अर्ज चार ओळींत लिहून दिला: विषय, क्रमांक, मागणी आणि सोबतचे कागद. तीन आठवड्यांत काम झालें.

वाईट याचें वाटतें कीं ही विद्या आमच्या घरांतच होती. आमचे आजोबा, अण्णा, निजामी अमलांत तहसिलींत नोकरीस होते. घरांत मराठी आणि दप्तरांत उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. तेव्हां पन्नाशीला टेकलेले अण्णा मातृभाषेंतील टिपणी लिहावयास शिकूं लागले! त्यांची ती वही आम्हीं पाहिली आहे. एका बाजूस 'दरख्वास्त', 'मिसल', 'हुक्म'. दुसऱ्या बाजूस 'विनंतिअर्ज', 'नस्ती', 'आदेश'. १९६२ सालीं सरकारी पदनाम कोश निघाला, तेव्हां लोकांनीं त्यांतील शब्दांची थट्टा केली. अण्णांनीं ते निमूटपणें उतरवून घेतले. "पत्र लिहिणाराचें नसतें, वाचणाराचें असतें," असें ते म्हणत. आम्हीं तें ऐकलें आणि विसरलों.

कोणास कसें लिहावें हें शिकविण्याची परंपरा आपल्या मराठवाड्यांत जुनीच आहे. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाडपंत यांच्या नांवानें चालत आलेल्या 'मेस्तकां'त लेखनाचे व मायन्यांचे नियम सांगितलेले आहेत. मोडी गेली, उर्दू गेली, आतां इंग्रजी ई-मेल आला. तरी वाचणारास काय हवें हा प्रश्न तोच राहिला.

त्या रात्रीं माजघरांत आम्ही काकापुतणे कागद घेऊन बसलों. त्याचा तोच निरोप पुन्हां लिहिला: "साहेब, आईस दवाखान्यांत न्यावयाचें असल्यानें उद्यां, बुधवारीं, रजा हवी. गिऱ्हाइकाचे कागद सहकाऱ्याकडे दिले असून त्यांस सर्व समजावलें आहे. गुरुवारीं सकाळीं दहाला हजर होईन." तो त्यानें आत्याबाईंना वाचून दाखविला. "हें मला एकदां ऐकून कळलें हो," त्या म्हणाल्या. आम्हीं खालीं मान घातली.

वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, विजेच्या बिलाची तक्रार असो वा बँकेचा अर्ज, तो घरांतील मुलामुलींकडून लिहवून घ्यावा आणि पाठविण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावा.