एक्स-रे नॉर्मल, तरी आजींना चालता येईना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गंगापूरजवळच्या खेड्यातल्या 75 वर्षांच्या आजी न्हाणीत घसरून पडल्या. जांघेत आणि कमरेखाली दुखत होतं. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड शाबूत दिसलं. “मुका मार आहे, झोपून राहा,” असं सांगून मी गोळ्या दिल्या.

आठ दिवसांनी मुलगा आला. “डॉक्टरसाहेब, आईला कुशीवरबी वळता येईना. पाठीला जखम झाली.” सीटी स्कॅनसाठी छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. जांघेजवळचं हाड आणि मागचं माकडहाडाच्या वरचं हाड, दोन्हींना फ्रॅक्चर होतं. चूक माझी होती.

पेल्व्हिस म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं. पुढे तडा गेला की मागेही असण्याची शक्यता बरीच असते. मागचा तडा आतड्यातल्या हवेमुळे एक्स-रेत झाकला जातो. म्हणून पडल्यावर पाय टेकवता येत नसेल, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी सीटी किंवा एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. हाड सरकलं असेल किंवा दुखणं कमीच होत नसेल, तर स्क्रू बसवावे लागतात. पण महिनाभर अंथरुणावर पडून राहणं म्हातारपणी घातक. न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, पाठीच्या जखमा त्यातूनच होतात. वेदना आटोक्यात ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने वॉकर धरून लवकर उभं करायचं. मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका. बीपी आणि किडनीला त्रास होतो.

साध्या पडण्याने हाड मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. फ्रॅक्चर जुळलं की उपचार संपले, असं समजू नका. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडं बळकट करणारं औषध लागतं. त्यातली आठवड्याची गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पाय बधिर झाले, लघवी अडली, चक्कर आली किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी आजी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, “म्या तवाच म्हणलं व्हतं, मुका मार न्हाई.”

घरातलं म्हातारं माणूस असं म्हणालं, तर ऐका. मीही आता ऐकतो.